हिशेबाची नक्कल ठेवता, तिला कुलूप लावता काय?

भडगावच्या बाजारपेठेत आमच्या परिचयाचे एक फोटो स्टुडिओवाले आहेत. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने आम्हीही त्यांना स्टुडिओवाले एवढेच म्हणू. पाचोरा, पारोळा, एरंडोल, चाळीसगाव अशा आसपासच्या तालुक्यांतली लग्ने ते घेतात. पुरुषांच्या मंडपात ते स्वतः कॅमेरा धरतात, महिलांच्या बाजूला त्यांच्या पत्नी. या सोयीमुळेच अनेक मुस्लिम घराणी निकाह आणि वलीम्याचे काम त्यांच्याकडे विश्वासाने देतात. महिलांच्या बाजूचे फोटो घराबाहेर जाणार नाहीत, असा शब्द ते काम घेतानाच देतात.

त्यांची एक सवय वाखाणण्यासारखी होती. प्रत्येक लग्नाचे फोटो दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवून त्याची नक्कल, म्हणजे ज्याला बॅकअप म्हणतात ती, लगेच एका लहानशा हार्ड डिस्कवर घ्यायची. एका लग्नसराईत अल्बमच्या छपाईसाठी ते जळगावला निघाले आणि ती डिस्क ठेवलेली पिशवी बसमध्ये विसरले. धावपळ केली, डेपोत गेले, कंडक्टरला गाठले. पिशवी मिळाली. आत जेवणाचा डबा होता, डिस्क नव्हती.

आता व्यापारी हिशेब करून पाहा. डिस्कची किंमत काही हजार रुपये. सगळे फोटो कॉम्प्युटरवर शाबूत. एकही अल्बम अडला नाही, एकाही गिऱ्हाइकाचा पैसा परत करावा लागला नाही. वहीत लिहायला गेले तर नुकसान जवळजवळ शून्य. परंतु त्या डिस्कवर पंधरा-सोळा घरांतल्या आयाबहिणींचे फोटो होते आणि ज्याच्या हाती ती पडली असेल, त्याला ते पाहायला कोणतीही अडचण नव्हती. तार जोडायची आणि पाहायचे. स्टुडिओवाले एकेका घरी स्वतः गेले व घडले ते सांगून आले. एका बुजुर्गांनी रागावून काहीच म्हटले नाही, फक्त एवढेच म्हणाले, "बेटा, ती तुझ्याकडे अमानत होती." हे आम्हाला सांगताना स्टुडिओवाल्यांचा आवाज बदलला. "कॅमेरा चोरीला गेला असता तर दुसरा घेतला असता. हे कशाने भरून देऊ?"

बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा, असे आपल्याला सगळेच सांगतात. याच पानावर आम्हीही कधी तसे म्हटले असेल. पण नक्कल वाढली की राखण्याची जागाही वाढते, ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. पूर्वी पेढीची खतावणी एकच असे. ती रात्री लोखंडी पेटीत जाई, किल्ली शेठच्या कमरेला. आज तीच खतावणी दुकानाच्या कॉम्प्युटरवर आहे, मोबाईलमध्ये आहे, हिशेबनीसाच्या लॅपटॉपवर आहे आणि स्कूटरच्या किल्लीला अडकवलेल्या पेन ड्राइव्हवरही आहे. दुकानाला आपण दोन कुलपे लावतो आणि दुकानाचे सगळे गुपित चहाच्या टपरीवर टेबलावर ठेवतो.

फोटोवाल्यांचेच हे दुखणे आहे, असे कोणी समजू नये. लेडीज टेलरच्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर गिऱ्हाईक स्त्रियांची मापे, नावे, फोन नंबर असतात. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे दुसऱ्याच्या फोनमधून काढलेला माल असतो. सिमकार्ड आणि सरकारी फॉर्मची कामे करणाऱ्यांकडे आधारकार्डाच्या प्रतींचा ढीग. सराफाकडे कोणाचा कोणता दागिना मोडीत आला याची नोंद. कापूस-केळीच्या व्यापाऱ्याकडे कोणत्या शेतकऱ्याला किती उचल दिली याचा हिशेब. यातली कोणती माहिती चव्हाट्यावर यावी असे गिऱ्हाइकाला वाटेल? आणि उधारीची यादी! गावात कोणाकडे कोणाची किती बाकी आहे हे बाहेर पडले, तर किती घरांची अब्रू जाईल याचा विचार करावा.

साहेबलोकांच्या देशातही हीच चूक झाली आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल खात्याने बालक भत्त्याची सगळी माहिती दोन सीडींवर उतरवून लंडनला हिशेब तपासणी कार्यालयाकडे टपालाने पाठवली. साधे टपाल, नोंदणीसुद्धा नाही. त्या सीडी पोहोचल्याच नाहीत. त्यांवर सुमारे अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि अनेकांचे बँक खाते क्रमांक होते. २० नोव्हेंबर २००७ रोजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांना पार्लमेंटमध्ये उभे राहून ही कबुली द्यावी लागली, खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत सिटी ग्रुपच्या ३९ लाख गिऱ्हाइकांची माहिती असलेल्या बॅकअपच्या टेप कुरियरमधून पाठवताना गहाळ झाल्या होत्या. दोन्ही ठिकाणी मूळ माहिती जागच्या जागी होती. हरवली ती नक्कल.

ब्रिटनच्या प्रकरणात एक बारकावा आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. त्या सीडींना पासवर्ड होता. पण माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. या दोन गोष्टींत फरक काय? पुष्कळ ठिकाणी पासवर्ड हा नुसता दारावरचा पहारेकरी असतो. दाराने आलात तर तो अडवील, भिंत ओलांडून आलात तर आतला माल उघडाच. विंडोज सुरू होताना आपण जो पासवर्ड टाकतो तो बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांत असाच असतो. आतली हार्ड डिस्क स्क्रूड्रायव्हरने काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की सगळे दिसते. दुरुस्तीच्या दुकानात काम केलेल्या कोणत्याही पोराला हे ठाऊक आहे. एन्क्रिप्शनमध्ये मालच बदलून टाकला जातो. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, फोटोतला प्रत्येक ठिपका एका किल्लीच्या आधाराने असा फिरवला जातो की किल्ली नसलेल्याला नुसता कचरा दिसावा. भिंत फोडली तरी हाती कचराच.

ही विद्या आपल्याला परकी नाही, हे जाता जाता सांगायला हवे. नवव्या शतकात बगदादमध्ये अबू यूसुफ याकूब अल-किंदी या विद्वानाने सांकेतिक लिपी कशी उलगडावी यावर एक ग्रंथ लिहिला. या विषयावरचा तो आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ समजला जातो. त्याची हस्तलिखित प्रत विसाव्या शतकात इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात सापडली. अल-किंदीची युक्ती साधी आहे. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत 'त' किती वेळा येतो आणि 'ळ' किती वेळा, हे याच लेखात मोजून पाहावे. तेव्हा सांकेतिक मजकुरात कोणती खूण किती वेळा आली ते मोजा, म्हणजे खुणेमागचे अक्षर सापडते. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवण्याची सगळी जुनी कुलपे या एका मोजणीने उघडली. आजची कुलपे अशा मोजणीला दाद देत नाहीत. सध्या जगभर चालते ती एईएस नावाची पद्धत बेल्जियमच्या दोन तज्ज्ञांनी तयार केली व अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने २००१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या मोठ्या प्रकारात जितक्या किल्ल्या संभवतात तो आकडा लिहायला ७८ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहणे कोणालाही शक्य नाही. चोर ते करतही नाही. तो तुमचा पासवर्ड ओळखून पाहतो. मुलाचे नाव, दुकानाचे नाव, ७८६, जन्मसाल, मोबाईल नंबर. कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली उंबऱ्यावरच्या कुंडीखाली ठेवली तर काय उपयोग?

आता एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. "आम्ही बॅकअप एन्क्रिप्ट केला, आता व्हायरसची भीती नाही," असे एका व्यापारी मित्राने आम्हाला छातीठोकपणे सांगितले. हे बरोबर नाही. खंडणीखोर व्हायरस, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, तो हेच कुलूप तुमच्याविरुद्ध वापरतो. तुमच्या फायली तो त्याच्या किल्लीने बंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. तुमची फाईल आधीच कुलूपबंद असली तरी तिच्यावर तो आपले दुसरे कुलूप ठोकू शकतो. एन्क्रिप्शनने माहिती वाचण्यापासून वाचते, मोडण्यापासून नव्हे. मोडतोडीवर उपाय एकच, आणि तो फार जुना आहे: एक प्रत कॉम्प्युटरपासून सोडवून वेगळी ठेवायची.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. २१ मार्च २०२१ रोजी पहाटे आपल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, संगणकांवर असा हल्ला झाला. मुंबईचे मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालये यांचे काम ठप्प झाले. ज्यांचे भूखंडाचे, परवानगीचे कागद तिथे होते त्या उद्योजकांची काय घालमेल झाली असेल याची कल्पना करावी. त्या वेळी महामंडळाने जाहीर केले की निरनिराळ्या विभागांच्या बॅकअप फायली सुरक्षिततेसाठी नेटवर्कपासून अलग ठेवलेल्या होत्या आणि त्यांवरून काम पूर्ववत करण्याचा प्रयत्न चालू आहे. पुढे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडण्यात आले, तेव्हा सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. एक-दोन दिवसांत गाडी रुळावर आली. एवढ्या मोठ्यांची ही कथा, तर आपल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाची काय बिशाद.

आणि व्हायरस, चोर दोन्ही नसले तरी पाणी आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. गल्ला, माल, वह्या, कॉम्प्युटर सगळे एकाच पाण्यात. आपल्या भडगावलाही गिरणामाईचा शेजार आहे. ज्याचा बॅकअप त्याच दुकानात, त्याच टेबलाच्या खणात आहे, त्याने बॅकअप घेतला नाही असेच समजावे. अमेरिकेतील पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने यासाठी एक सुटसुटीत हिशेब सांगितला आणि तो जगभर रूढ झाला. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे पाचोऱ्याला सासर असेल तर ते, नाहीतर गावातच उंचावरचे एखादे नात्याचे घर. पण घराबाहेर प्रत जाणार म्हटली की प्रश्न पुन्हा तोच येतो. ती कुलूपबंद असली पाहिजे. नात्यात विश्वास असतो, तरी नात्यातल्या घरी पोरे असतात, पाहुणे असतात, चोरही येतात.

काम कसे करावे? फार खर्च नाही, हे आधी सांगतो. सेव्हन-झिप नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. हिशेबाचे फोल्डर त्यात घालून एक गठ्ठा बनवायचा, पासवर्ड द्यायचा, पद्धतीच्या जागी एईएस-२५६ निवडायची आणि फायलींची नावे झाकण्याच्या चौकोनात खूण करायची. ही खूण लोक विसरतात. मग आतला मजकूर बंद, पण 'अमुक शेठ उधारी' हे नाव बाहेर लखलखीत दिसते. साध्या झिपमध्ये एक जुनी पद्धतही असते, ती कच्ची आहे, ती घेऊ नये. फोटो-व्हिडिओंची आख्खी डिस्क बंद करायची तर व्हेराक्रिप्ट, तोही फुकट. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर हे कुलूप कंपनीनेच दिलेले आहे. ते लावताना ४८ अंकी एक राखीव किल्ली मिळते, ती कागदावर छापून घ्यावी. त्याच डिस्कवर ठेवू नये, असे सांगावे लागते याचे आम्हाला वाईट वाटते, पण लोक ठेवतात.

टॅली वापरणाऱ्यांसाठी टॅली व्हॉल्ट आहे. ते लावले की कंपनीच्या यादीत दुकानाचे नावसुद्धा ताऱ्यांच्या खुणांनी झाकले जाते. मात्र पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची खरी वही तर व्हॉट्सअ‍ॅप आहे. ऑर्डर तिथे, बिलाचा फोटो तिथे, "पैसे पाठवले" हेही तिथे. तिचा बॅकअप गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या कपाटात जातो. ऑक्टोबर २०२१ पासून त्यालाही पूर्ण कुलूप लावण्याची सोय झाली आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये ती आहे. आम्ही बाजारातल्या दहा-बारा जणांना विचारले, एकानेही ती चालू केलेली नव्हती. आमच्या कार्यालयातही दोघांची नव्हती, हे लपवत नाही.

पासवर्डबद्दल आमचे मत असे की तो लांब असावा, अवघड असण्याची गरज नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एका ओळीत घ्यावेत. अडकित्ता, पाऊस, तराजू, असे काहीही. हे उदाहरण छापून आले, तेव्हा हेच कोणी वापरू नये.

इथे एका अशा गोष्टीकडे येतो जिचा विचार कॉम्प्युटरवाले करत नाहीत, आपल्याला मात्र केल्यावाचून गत्यंतर नाही. कुलूप असे पक्के की किल्ली हरवल्यावर मालकालाही उघडत नाही. मग मालकच गेला तर? कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहा आणि साक्षीदार ठेवा, असा तिचा आदेश आहे. वारसांत वाटणी होण्याआधी मयताचे कर्ज फेडले पाहिजे, हेही आपण सारे जाणतो. आता समजा की बापाने उधारी आणि देणी सगळी कॉम्प्युटरवर लिहिली, त्यांना पोलादी कुलूप घातले आणि पासवर्ड कोणालाच न सांगता अल्लाहला प्यारा झाला. मुलांना घेणे कळणार नाही, एक वेळ ते सोसता येईल. पण देणे कळले नाही तर? ज्या कारागिराची मजुरी बाकी होती तो हिशेब कोणाला मागेल? ज्याच्या जवळ देण्यासारखे काही आहे त्याने वसियत लिहिल्यावाचून दोन रात्रीही घालवू नयेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या मते आजच्या व्यापाऱ्याच्या वसियतीत एक बंद पाकीटही असावे. त्यात पासवर्ड, तो कशाला लावला आहे ते, आणि डिस्क कुठे ठेवली आहे ते. पाकीट डिस्कजवळ नव्हे, दुसऱ्या घरी, भरवशाच्या माणसाकडे. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलायचे. जो मुलगा कॉम्प्युटर चालवतो त्याच्याच हाती ते द्यावे असेही नाही. मोठा भाऊ, मेहुणा, मशिदीच्या कमिटीतले एखादे बुजुर्ग, ज्याचा सल्ला घरात मानला जातो असा कोणीही चालेल.

सरकारी बाजूही थोडक्यात पाहू. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, जपावी लागतात. नियम ५७ तर स्पष्टच म्हणतो की हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर त्याचा योग्य बॅकअप हवा, अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत. त्याच नियमात पुढे असेही आहे की अधिकाऱ्याने मागणी केल्यास फायलींचे पासवर्ड द्यावे लागतील. म्हणजे कुलूप लावण्याला मनाई नाही, "किल्ली हरवली साहेब" ही सबब मात्र चालणार नाही. गिऱ्हाइकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती नीट न सांभाळल्यास त्यात जबर दंड आहे. लहान दुकानदारावर याचा किती भार पडेल हे आपल्या सी.ए.ला विचारून घ्यावे.

एक शेवटचे काम बहुतेक जण करतच नाहीत. बॅकअप उघडून पाहणे. डिस्क सहा महिने कपाटात पडून असते, गरज लागली की कळते की ती चालतच नाही, किंवा पासवर्ड लिहिताना एक अक्षर चुकले होते. तीन महिन्यांतून एकदा, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, कुलूप काढून एखादे बिल किंवा एखादा फोटो उघडून पाहावा. पंधरा मिनिटांचे काम. जुम्याच्या नमाजीनंतर दुकान पुन्हा उघडण्याआधी ते सहज होते.

भडगावच्या स्टुडिओवाल्यांनी आता दोन डिस्क घेतल्या आहेत, दोन्ही कुलूपबंद. एक घरी, एक बहिणीकडे पाचोऱ्याला. दर महिन्याला त्यांची अदलाबदल होते. अल्बमच्या छपाईला जाताना फक्त त्या अल्बमचेच फोटो, वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणि तेही बंद करून नेतात. महिलांच्या बाजूच्या फायलींचा पासवर्ड त्यांच्या पत्नीकडे आहे, त्यांना स्वतःलाही तो माहीत नाही. पाकीट मेहुण्यांकडे ठेवले आहे. ज्या पंधरा-सोळा घरी ते माफी मागायला गेले होते त्यांपैकी तिघांनी पुढचे काम दुसऱ्याला दिले, बाकीची घरे टिकली. पहिली डिस्क मात्र अजून मिळालेली नाही.